ताई, वेबसाइट हाली ऱ्हायनी!

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. ते साचतात. आमच्या ऑफिसच्या खाली पिठाची गिरणी आहे. तिचं पीठ कितीही झटकलं तरी संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर येऊन बसतंच, तसे हे किस्से. कोणी पाहुणा आला, चहा सांगितला, की आमच्यातलं एकजण म्हणतं, "त्या मिरचीवाल्या आप्पांची गंमत सांगितली का यांना?" आणि मग अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा!

आम्ही नंदुरबारला लोकांच्या वेबसाइट बनवतो. आम्ही म्हणजे तिघं. हिंमतभाऊ रनाळ्याचे, ऑफिस त्यांचं. सुनीता गावित खांडबाऱ्याहून रेल्वेने येते. वेबसाइटची सगळी मांडणी तिच्या हातची, आणि बोलणं मोजकं. तिसरी मी, भारती. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, मजकूर लिहायचा आणि वैतागलेल्या माणसाला गोड बोलून थोपवायचं, हे माझं खातं.

कॉम्प्युटरवर आमच्या वेबसाइट देखण्या दिसतात हो. पण कॉम्प्युटरवर बघतो कोण? सगळं जग फोनवर! आणि फोन म्हटला की प्रत्येकाचा वेगळा. एकावर नाव कापलं जातं, दुसऱ्यावर फोटो चेपला जातो, तिसऱ्यावर बटणच गायब. बरं, इंटरनेटवर कोणाला विचारायला जावं, तर तिथे भेटणारी माणसं फोनपेक्षा अवघड!

* * *

सुपडूआप्पा मिरचीचे व्यापारी. चार भावांचा एकत्र धंदा. वेबसाइट सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"ताई, वेबसाइट हाली ऱ्हायनी!"

मला वाटलं, खाली गिरणी सुरू आहे, आपणच हलतोय. पण आप्पा त्यांच्या दुकानात होते. मी फोनवर उघडून बघितलं, तर खरंच! बोटाने खाली सरकवायला जावं तर पान डावी-उजवीकडे सरकत होतं, झोळीतल्या पोरासारखं. म्हणजे पानावरची कुठलीतरी गोष्ट फोनपेक्षा रुंद झाली होती आणि बाहेर डोकावत होती. पण कुठली?

अशा वेळी सुनीताची एक युक्ती असते. पानावरच्या प्रत्येक गोष्टीला लाल चौकट द्यायची. फोटोला चौकट, ओळीला चौकट, बटणाला चौकट. मग जी चौकट बाहेर गेलेली दिसेल, तो चोर. तिने चौकटी दिल्या आणि चोर लगेच सापडला. दुकानाचं नाव! "सुपडू रघुनाथ भटू दिलीप बंधू मिरची मर्चंट", सगळं एका ओळीत.

मी आप्पांना फोन लावला. "आप्पा, नाव फार लांब आहे. फोनवर दोन ओळींत करू?"

"नही, नही!" आप्पा ओरडलेच. "दोन वरे सुपडू-रघुनाथ, दोन खाले भटू-दिलीप! बाजारमा लोके काय म्हनतीन? भाऊ वाटनीले बठनात म्हनतीन!"

सुनीताने अक्षरं बारीक करत करत चारही भावांना कसंबसं एका ओळीत कोंबलं. पान हलायचं थांबलं. ती लाल चौकटी काढणार, एवढ्यात पुन्हा आप्पांचा फोन.

"ताई, आते मस्त दखाय ऱ्हायनी! लाल लाल! अशी लाल पहिलेच का बरं नही करी?"

"आप्पा, त्या दुरुस्तीच्या चौकटी आहेत. काढतोय आत्ता."

"काढानं नाव लेऊ नका! सुरतना व्यापारी बठेल शे मन्हा समोर, त्याले बी आवडनी!"

सुनीताने कपाळाला हात लावला. त्या वेबसाइटवरच्या प्रत्येक फोटोला, प्रत्येक ओळीला, अगदी टिंबालासुद्धा आजही लाल चौकट आहे. परवाच दुसऱ्या एका मिरचीवाल्याचा फोन आला होता.

"आप्पांच्या वेबसाइटचं डिझाइन ज्याने केलं ना, तोच माणूस पाहिजे!"

* * *

हिंमतभाऊंनी एकदा एका इंग्रजी फोरमवर पहिल्यांदा प्रश्न विचारला. हे फोरम म्हणजे जगभरचे वेबसाइट बनवणारे जिथे एकमेकांच्या अडचणी सोडवतात ते ठिकाण. निदान तशी पाटी तरी लावलेली असते!

अडचण अशी होती की फोन आडवा धरला की वेबसाइटवरचा मेनू पानाच्या मधोमध येऊन बसायचा आणि हलायचंच नाव घ्यायचा नाही. हिंमतभाऊंनी सगळी दुपार खर्च करून प्रश्न लिहिला. सुरुवात "रिस्पेक्टेड सर्स" अशी, मग "मायसेल्फ हिंमत फ्रॉम नंदुरबार", आणि शेवटी सगळ्यांचे आगाऊ आभार. आम्हाला वाचून दाखवला. आम्ही म्हटलं, फक्कड!

थोड्याच वेळात कोणीतरी येऊन "रिस्पेक्टेड सर्स" पुसून टाकलं. दुसऱ्याने नंदुरबार पुसलं. तिसऱ्याने आभार पुसले आणि वर शेरा मारला, की इथे नमस्कार-चमत्कार करू नयेत.

"मन्हा नमस्कार बी नको त्याले?" हिंमतभाऊ खट्टू झाले. "आपला गावमा कुत्राले बी कोनी असं हाकलत नही!"

मग चौथा आला. त्याने प्रश्नच बंद करून टाकला. कारण काय, तर हाच प्रश्न पूर्वी कोणीतरी विचारलेला आहे, तो पाहावा. खाली त्या जुन्या प्रश्नाची लिंक. हिंमतभाऊंचा चेहरा उजळला. "चला, उत्तर तरी भेटनं!"

लिंक उघडली. अगदी तोच प्रश्न. तोच मेनू, तसाच आडवा फोन. उत्तर एकही नाही. फक्त खाली विचारणाऱ्यानेच स्वतः लिहिलेलं, "राहू द्या, जमलं मला."

"अरे पन कसं जमनं, ते तं सांग ना भाऊ!" हिंमतभाऊंनी टेबलावर हात आपटला. पण गडी हार मानणारा नव्हे. त्यांनी त्या माणसाचा पत्ता शोधून काढला आणि त्याला मेल केला. अगदी अजिजीने. बरेच दिवस काहीच आलं नाही. आम्ही विसरूनही गेलो, आणि एक दिवस उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, "माफ करा, आता काही आठवत नाही. मी ते काम सोडलं. सध्या मेंढ्या पाळतो."

हिंमतभाऊंनी तो मेल पुन्हा एकदा मोठ्याने वाचला. मग म्हणाले,

"सुखी शे बापडा!"

* * *

कोरीटला एक पपईच्या रोपांची नर्सरी आहे. तिचे मालक यशवंतदादा. माणूस लाखात एक, पण त्यांना वेबसाइटमधला दोष दाखवायचा असला की ते एका फोनवर वेबसाइट उघडतात, दुसऱ्या फोनने तिचा फोटो काढतात आणि दोषावर बोट ठेवून दाखवतात.

एकदा फोटो आला. खाली लिहिलेलं, "इथे बघा, काय झालं आहे." मी बघितलं. एक जाडजूड बोट. त्यावर मातीचा डाग. बोटाच्या खाली काय झालं होतं, देव जाणे!

मी कळवलं, "दादा, बोट काढून फोटो पाठवा."

लगेच उलट फोन आला.

"मंग तुम्हले कसं समजी, कोठे दखानं ते?"

* * *

आता सुनीताच्या लग्नाची गोष्ट. म्हणजे, न झालेल्या!

आपल्या भागातल्या वेबसाइटवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एकमेकांना मदत करावी, हा हेतू. तिथे सकाळी फुलांचे फोटो येतात, दुपारी कापसाच्या बियाण्याची जाहिरात येते, आणि संध्याकाळी कोणीतरी रागावून ग्रुप सोडतो. सोडलेल्याला दुसऱ्या दिवशी समजूत काढून परत घेतात. या सगळ्यात वेबसाइटविषयी बोलायला सवड कोणाला असणार? त्यामुळे सुनीता त्या ग्रुपवर कधी काही लिहीत नसे.

पण एकदा अडलीच. नवापूरकडच्या एका मंगल कार्यालयाची वेबसाइट होती. मुखपृष्ठावर नवरा-नवरीचा मोठा फोटो. कॉम्प्युटरवर छान, पण काही फोनवर तो दोन्ही बाजूंनी असा चेपला जायचा की जोडपं काडेपेटीतल्या काड्यांसारखं दिसायचं. सगळे उपाय करून झाले. शेवटी तिने त्या चेपलेल्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "कृपया मार्गदर्शन करावं."

पहिला निरोप आला, "हार्दिक अभिनंदन!"

दुसरा, "नांदा सौख्यभरे!"

मग जी रांग लागली म्हणता! केक, फुलं, जोडलेले हात, नाचणारी बाहुली. एकाने लिहिलं, "मार्गदर्शन एवढंच, की एकमेकांना समजून घ्या." एक ज्येष्ठ गृहस्थ होते, त्यांनी संसारावर भलंमोठं प्रवचन टाकलं. सुनीता मध्ये मध्ये लिहीत होती, "अहो, हे माझं लग्न नाही, फोटो चेपला जातोय", पण तिचा निरोप वर वर जात फुलांखाली गाडला जायचा. एकाने तो वाचला, तर त्याने लिहिलं, "लाजू नका ताई!"

इथपर्यंत आम्ही हसत होतो. हिंमतभाऊंनी तर आहेर काय करायचा, यावर चर्चाही सुरू केली. पण ग्रुपमधल्या एकाची बहीण खांडबाऱ्याला दिलेली. तिने शेजारी सांगितलं. शेजारणीने बाजारात सांगितलं. आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत सुनीताच्या आईचा फोन आला. मायलेकी कोकणीत, म्हणजे इकडच्या आदिवासी बोलीत, बोलत होत्या. आम्हाला शब्द कळत नव्हते, पण सुनीताचा चेहरा कळत होता. तिचा घास हातातच राहिला होता.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आई रडत होती." सुनीता हळूच म्हणाली. "म्हणते, केलंस ते केलंस. पोरगा कोणत्या गावचा ते नंतर सांग. पण भावकीला जेवण न देता लग्न करतात का कोणी? चर्चचे पाळकसाहेबसुद्धा घरी येऊन गेले म्हणे, विचारायला."

आता आम्ही हसायचं थांबलो. मी फोन घेतला आणि तिच्या आईला मराठीत सगळं समजावून सांगितलं. फोटो कोणाचा, ग्रुप कसला, वेबसाइट कोणाची. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे लग्न नाही?"

"नाही हो काकू."

मग त्या म्हणाल्या, "आम्ही तर कोंबड्या सांगून बसलो!"

त्या रविवारी सुनीताच्या घरी सगळी भावकी जेवली. आम्हीही गेलो होतो. तुरीची डाळ आणि कोंबडी, काय चव होती म्हणून सांगू! कारण विचारलं की सुनीताची आई म्हणायची, "पोरीचं लग्न झालं नाही, म्हणून!"

हां, आणि ग्रुपवर त्या फोटोच्या दोषावर एक उत्तर आलं होतं बरं का. फक्त एक. शहाद्याकडच्या एका सद्‌गृहस्थाने फोटो मोठा करून नीट निरखला होता आणि लिहिलं होतं,

"नवरदेव जरा बारीक वाटतो. पण ताई, तुमच्या हातचं खाऊन भरेल हळूहळू."

* * *

हिंमतभाऊ तसे शांत गृहस्थ. पण ऑनलाइन वादात शिरले की अंगात येतं!

एका चर्चेत कोणीतरी विचारलं होतं, की फोनच्या पडद्याची पूर्ण उंची भरेल असा फोटो कसा लावावा. हिंमतभाऊंनी आपल्या अनुभवातून उत्तर दिलं. तिथे 'ग्रिडसम्राट' असं नाव घेतलेला एक महाभाग होता. तो म्हणाला, हे साफ चूक आहे, आधी मूळ गोष्टी शिकून या.

झालं! हिंमतभाऊंनी बाह्या सरसावल्या. सकाळी आले की आधी ग्रिडसम्राट, मग चहा. तो एक म्हणायचा, हे दोन म्हणायचे. सुनीताने एकदा सांगून बघितलं, "भाऊ, दोघांचं खरं आहे. तो म्हणतो ते नव्या फोनवर चालतं, तुम्ही म्हणता ते जुन्या."

"खरं-खोटंना सवालच नही आते!" हिंमतभाऊ म्हणाले. "त्याने माले शिकीसन ये म्हनं!"

शेवटी त्यांनी पुरावाच तयार केला. ऑफिसातले, गिरणीवाल्याचे, चहावाल्याचे असे मिळतील तेवढे फोन टेबलावर ओळीने मांडले, सगळ्यांवर तेच पान उघडलं, व्हिडिओ काढला आणि चर्चेत टाकला. सगळ्या फोनवर हिंमतभाऊंचंच खरं ठरत होतं. खाली लिहिलं, "आता बोला!"

दुसऱ्या दिवशी आम्ही उत्सुकतेने चर्चा उघडली. ग्रिडसम्राट बोललाच नव्हता. उलट त्याने आपलं आधीचं सगळं लिहिलेलं पुसून टाकलं होतं. एक अक्षर शिल्लक नाही! राहिलं होतं ते फक्त हिंमतभाऊंचं. वरपासून खालपर्यंत हिंमतभाऊ. "तुम्ही असं कसं म्हणता?" त्याखाली, "मी असं म्हणालोच नाही." त्याखाली, "तोंड सांभाळून बोला." त्याखाली, "मला शिकवू नका." आणि सगळ्यात शेवटी, "आता बोला!"

नव्याने वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस एकटाच कुणाशी तरी भांडतोय. एकाने तसं विचारलंही होतं, "बंधू, बरं वाटतंय ना?"

हिंमतभाऊ इतके हिरमुसले की घरी गेल्यावर वहिनींना सगळं दाखवलं. रेखावहिनी शेंगा सोलत होत्या. त्यांनी फोन हातात घेतला, शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचलं आणि परत दिला.

"यामा नवीन काय शे?" वहिनी म्हणाल्या. "घरमा बी असंच ऱ्हास. मी काहीच बोलस नही, अन् तुम्ही भांडतस!"

* * *

काही दोष असे असतात, की ते फक्त आयफोनवरच दिसतात. आणि आयफोन आमच्या तिघांत कोणाकडेच नाही! एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या वेबसाइटवर आयफोनमध्ये मेनू उघडायचा, पण मिटायचा नाही. गाड्यांची सगळी यादी गिऱ्हाइकाच्या तोंडावर उघडी ती उघडीच!

आता आयफोन कोणाकडे मागायचा? गल्लीच्या टोकाला एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे होता. पण हिंमतभाऊंना दातांच्या डॉक्टरांचं भारी भय. दाढ दुखत होती कित्येक दिवसांपासून, लवंग धरून चालले होते, पण त्या दारासमोरून जाताना रस्ता बदलत. तरीही ट्रॅव्हल्सवाल्याचे फोनवर फोन आल्यावर बिचारे निघाले. सोबत मी. सुनीता ऑफिसातून दुरुस्ती करणार, आणि हिंमतभाऊ आयफोनवर बघून सांगणार, असं ठरलं.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "बघा ना खुशाल! फक्त चार्जिंग संपलंय, तिथे लावलाय."

'तिथे' म्हणजे पेशंटच्या खुर्चीशेजारी. वायर ही एवढीशी. फोन हातात धरायचा, तर खुर्चीतच बसावं लागणार! हिंमतभाऊंनी एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे बघितलं, आणि बसले. अगदी कडेला, उठून पळता येईल असे.

माझ्या फोनवर सुनीता. "भाऊ, आता बघा, मिटतो का?"

"नही मिटत."

"आता?"

"नही."

डॉक्टर शेजारी उभे राहून कौतुकाने बघत होते. बघता बघता त्यांनी पायाने खुर्चीचा खटका दाबला असावा, कारण हिंमतभाऊ हळूहळू आडवे होऊ लागले. त्यांचं लक्ष सगळं मेनूवर. वरचा दिवा लागला, तरी त्यांना वाटलं, डॉक्टरांनी आपल्या सोयीसाठीच लावलाय. "थँक्यू" म्हणाले!

"भाऊ, आता शेवटचं केलंय. आता?" सुनीताने विचारलं.

"आऽऽ..." हिंमतभाऊ 'आते' म्हणायला गेले, तेवढ्यात डॉक्टर वाकले.

"अरे, ही दाढ किती दिवसांपासून अशी आहे?"

पुढचं सगळं फार पटकन झालं. सुईचं नाव निघालं तेव्हा हिंमतभाऊंनी माझा हात जो धरला, तो अजून आठवतो. पण खरं सांगते, ओरडले नाहीत. डोळे घट्ट मिटून, आयफोन छातीशी धरून पडून राहिले. दाढ निघाली. डॉक्टरांनी कापूस लावला आणि म्हणाले, "उगाच घाबरत होता!"

मी आयफोन घेऊन बघितला आणि सुनीताला कळवलं.

"मेनू मिटला गं. आता हिंमतभाऊंचं तोंड मिटत नाहीये!"

* * *

आणि हा एक. हा मात्र मी सावकाश सांगते.

सातपुड्यात, धडगावकडे, मुलींचं एक वसतिगृह आहे. त्यांच्या प्रवेशाचं पान आम्ही केलं होतं. डोंगरातल्या आईबापांना अर्ज द्यायला खाली यायला नको, फोनवरच भरावा, ही कल्पना. पान सुनीताने साधं केलं होतं. पण हिंमतभाऊंचा एक हट्ट होता, की सातपुड्यातलं वसतिगृह आहे, तर डोंगराचा एक मोठा फोटो पाहिजेच. तो पानाच्या तळाशी लावला.

अर्जाचा शेवटचा दिवस होता. भर दुपारी ऑफिसचा फोन वाजला. कोणी बाप बोलत होता, पावरीत, म्हणजे तिकडच्या डोंगरातल्या बोलीत. हिंमतभाऊंची अहिराणी त्याला कळेना, सुनीताची कोकणी त्याला चालेना, माझी मराठी त्याला अर्धवटच समजे. एवढं समजलं, की 'बटण नाही.' अर्ज सगळा भरून झालाय, पण पाठवायचं बटण दिसत नाही!

मग त्याने फोन पोरीकडे दिला. पलीकडून अगदी पुस्तकातल्यासारखी मराठी आली.

"नमस्कार. माझे नाव रविता आहे. मी पाचवीत जाणार आहे."

अर्ज तिचाच होता. पाड्यावर रेंज नाही म्हणून दोघं टेकडीवर चढून आले होते. बोलायला बापाचा फोन, अर्जासाठी शेजाऱ्याचा. अर्ज आज गेला नाही, तर वर्ष गेलं.

हिंमतभाऊंनी माझ्या हातातून फोन घेतला. टेकडी लांबची, रेंज कमी, म्हणून त्यांनी असा आवाज लावला की खालची गिरणी ऐकू येईना!

"बेटा! खाली सरकव! खालीऽऽ सरकव! काय दिसतं?"

"डोंगर दिसतो."

"टेकडीवरून नाही! फोनमध्ये! फोनमध्ये काय दिसतं?"

"फोनमध्येच डोंगर दिसतो, काका."

सुनीता चमकली. भराभर पान उघडून बघू लागली. आमच्या फोनवर सगळं जागेवर होतं. डोंगर खाली, बटण वर.

"आणखी खाली सरकव! खालीऽऽ!" हिंमतभाऊंच्या कपाळाची शीर फुगली होती. चहावाला जिना चढून विचारायला आला, कोण पडलं म्हणून.

"खाली काही नाही. पण डोंगराच्या मागून थोडं हिरवं दिसतं."

"ते झाड असेल, बेटा! झाऽऽड!"

"नाही, काका. झाड वेगळं आहे. हे हिरवं चौकोनी आहे."

सुनीता खुर्चीतून उठलीच. "भाऊ, तेच बटण! लहान फोनवर फोटो वर चढलाय, बटण डोंगराच्या मागे गेलंय!"

तिने हिंमतभाऊंकडे बघितलं. हिंमतभाऊ म्हणाले, "काढ तो डोंगर."

तिने काढला. मी पोरीला पान पुन्हा उघडायला सांगणार होते, पण हिंमतभाऊ फोन सोडेनात. "अर्ज पुन्हा भरायला लागेल, बेटा! घाबरू नको! सावकाश भर! आम्ही आहोत इकडे! फोन ठेवू नको!"

ती एकेक रकाना वाचून भरत होती. नाव. गाव. बापाचं नाव. मधेच बाप काहीतरी बोलायचा, ती त्याला पावरीत दटावायची. आम्ही तिघं उभेच होतो. चहावालाही गेला नव्हता. गिरणीवाला वर येऊन पिठाळ हातांनी दारात थांबला होता.

"बटण आहे," रविता म्हणाली.

"दाऽऽब!" हिंमतभाऊ ओरडले.

जरा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग सुनीताच्या कॉम्प्युटरवर टिंग झालं. अर्ज आला होता. गिरणीवाल्याने चहावाल्याच्या पाठीत थाप मारली, त्याच्या सदऱ्यावर पांढरा पंजा उमटला. हिंमतभाऊ खुर्चीत बसले आणि उपरण्याने मान पुसू लागले. त्यांचा घसा पार बसला होता.

अर्ज पाठवून झाला की त्या पानावर एक रिकामी चौकट येते, 'आपला अभिप्राय लिहा' म्हणून. आजवर तिथे कोणी काही लिहिलं नव्हतं. पुन्हा टिंग झालं. सुनीताने वाचलं आणि स्क्रीन हिंमतभाऊंकडे वळवली.

"बटण आले. अर्ज गेला. काका, हळू बोला. इकडे चांगले ऐकू येते."